गावात फायबर आलं, आता गावाला सांगायचं कसं?

कातळावरची_सून

नमस्कार मंडळी.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, अर्जुना नदीच्या वरच्या अंगाला. सव्वादोनशेच्या आसपास घरं, सात वाड्या, आणि कुठल्याही दोन वाड्यांच्या मध्ये एक पऱ्या नाहीतर एक घाटी. एसटीच्या थांब्याजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. नवरा पूर्वी डिशच्या छत्र्या बसवायचा, आता फायबर जोडायचं काम शिकून आलाय. एका इंटरनेट कंपनीची गावापुरती फ्रँचायझी आम्ही दोघांनी घेतली. कर्ज काढून, हे ओघानं आलंच.

काम बरंचसं झालंय. जांभ्याचा कातळ खणायचा तर ब्रेकर लागतो आणि मीटरमागचा खर्च ऐकूनच घाम फुटतो, म्हणून विजेच्या खांबांवरून रीतसर परवानगी काढून केबल आणली. ओएलटी, म्हणजे सगळ्या घरांच्या लाइनी जिथून निघतात ते मुख्य यंत्र, दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, पाच वाड्यांवर स्प्लिटरचे, म्हणजे एका लाइनीच्या अनेक करणारे, डबे लागलेत. वरची वाडी आणि कातळवाडी गणपतीपर्यंत होतील.

आता अडलंय ते प्रसिद्धीपाशी. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावात कोणाला माहीत नसेल? माहीत सगळ्यांना आहे. नवरा खांबावर चढला की खाली चार जण मान वर करून उभे असतातच. पण गावात नेट येतंय हे माहीत असणं वेगळं आणि आपल्या घरात घ्यावंसं वाटणं वेगळं. माझ्या वहीत बुकिंगं आहेत ती बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक माझ्या जावेचं. ते धरायचं की नाही तुम्हीच ठरवा.

लोक म्हणतात, "नेट मोबाइलवर आहेच की." आहे, पण देवळामागच्या घाटीवर. घरात नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, टॉवर दोन डोंगर पलीकडे. आमच्याकडे प्रत्येक घरात खिडकीतली एक जागा ठरलेली असते, फोन तिथे ठेवला तर वाजतो, उचलून कानाला लावला की कट. गणपतीत आणि शिमग्यात मुंबईकर आले की तेवढंही जातं. दुसरं म्हणणं, "पंचायतीत मागे एक मशीन बसवलं होतं, त्याचं काय झालं?" आधीच्या एका योजनेतलं ते यंत्र कपाटावर आहे, त्याच्यावर तेरड्याच्या बियांच्या पुड्या ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्यात. यावर मी काय बोलणार! गुरववाडीतल्या एका आजींना वाटतं की तार घरात आली की तारेतून वीज पडेल. एका आंब्याच्या कलमवाल्यांना तार त्यांच्या बागेवरून जायला नकोय, झेल्यात, म्हणजे आंबे काढायच्या काठीत, अडकेल म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाही. बायकांचं म्हणणं वेगळंच: पोरं आधीच मोबाइलला चिकटलेली, त्यात तू आणखी कशाला घालतेस?

सरपंचांना उद्घाटन १५ ऑगस्टला हवंय. झेंडावंदन झालं की फीत, नारळ, आमदारांना जमलं तर आमदार, आणि दहा बाय वीसचा फ्लेक्स. फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो यायला हवेत याची यादी माझ्याकडे आली, चौदा नावं आहेत. त्या चौदांत आम्ही दोघं नाही, ते एक असो. कंपनीनं तिची पोस्टरं पाठवलीत. एक गोरीपान मुलगी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन हसतेय आणि खाली "सुपरफास्ट स्पीडचा अनुभव करा". आमच्या गावात सोफे आहेत, पण त्यांच्यावर भाताची पोती असतात.

तर विचारायचंय ते असं. कोणी आपल्या गावात हे काम केलंय का? लोकांना काय सांगितलं, कोणाकडून सांगितलं? फ्लेक्सला पैसे घालावेत की नाही? आणि तारीख १५ ऑगस्ट, गणपती की त्यानंतर?

---

नुसता_वाचक

फ्लेक्सवर चौदा फोटो म्हणजे चौदा घरी फुकट कनेक्शन. शुभेच्छा.

बाकी सरकारी व्याख्येत २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) मिळालं तरी ते ब्रॉडबँडच. २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसवर, म्हणजे त्याच्या साधारण चौथाईवर भागायचं. तेव्हा "ब्रॉडबँड आलं" एवढंच छापलंत तर तुम्हाला कोणी खोटं पाडू शकणार नाही.

---

केबलवाला_तासगाव

ताई, तुमची जाहिरात तुमच्याच लिखाणात आहे, आणि ती तुम्ही अडचणींत टाकलीय. खिडकीत ठेवलेला फोन. उचलला की कट. यापलीकडे काही सांगायची गरजच नाही बघा.

वायफाय कॉलिंग म्हणून सोय आहे. एअरटेलनं डिसेंबर २०१९ ला आणली, जिओनं जानेवारी २०२० ला. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण असतं, ते चालू केलं की टॉवरची रेंज शून्य असली तरी घरच्या वायफायवरून साधा कॉल लागतो. आपलाच नंबर, समोरच्यालाही साधाच फोन, वेगळं ॲप नको. ओटीपीचा मेसेजही बहुतेक फोनवर येतो. बँकेच्या, गॅसच्या, लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या ओटीपीसाठी घाटी चढणाऱ्या बायका तुमच्या गावात किती असतील, ते तुम्हाला दुकानात बसून माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांना "शंभर एमबीपीएस" सांगून काय उपयोग? त्यांना सांगा, माजघरात बसून फोन लागेल.

फक्त हे छापून पटत नाही, करून दाखवावं लागतं. आणि सगळ्या फोनवर होत नाही. बटणवाल्या जुन्या फोनवर तर नाहीच, काही स्वस्तातल्या स्मार्टफोनवरही नाही. म्हणून ज्याचा त्याचा फोन हातात घेऊन तपासा आणि ज्याचा होत नाही त्याला तोंडावर सांगा, "काकी, तुमच्या या फोनवर नाही होणार." त्या एका नकारानं बाकीच्यांचा तुमच्यावर विश्वास बसतो.

मी ९२-९३ साली छत्री लावून केबल टीव्ही सुरू केला तेव्हा कसला फ्लेक्स न् काय. चौकात टीव्ही ठेवला, चालू केला आणि गप बसलो. आठवडाभरात लोक स्वतः विचारत आले. फायबरला तेच करायचं, फक्त टीव्ही लांबून दिसतो आणि नेट दिसत नाही, म्हणून जागा नीट निवडायची. प्रत्येक वाडीत एक ठिकाण आधी चालू करा. श्रीमंताचं घर नको, मानकऱ्याचंही नको. एका भावकीच्या घरात लावलं की दुसऱ्या भावकीचा माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, हे आमच्याकडेही तसंच आहे. अंगणवाडी, शाळा, पिठाची गिरणी, आशाताईंचं घर. जिथं माणसं काही ना काही कामानं येतात आणि दहा मिनिटं थांबतात. गिरणी त्यात एक नंबर, दळण होईस्तोवर माणूस हलत नाही.

तारखेचं. १५ ऑगस्टला उद्घाटन करू नका. खांबावरच्या केबलचा तो पहिला पावसाळा आहे. फांद्या पडणार, जॉइंटमध्ये पाणी जाणार, आणि तुमच्याकडची वांदरं केबलला काय करतात ते अजून कळायचंय. २०१५ ला बनारसच्या घाटावरची वायफायची केबल माकडांनी कुरतडून टाकली होती, पेपरात आलं होतं. आमदारांनी बटण दाबलं आणि दिवा लाल लागला तर पुढची पाच वर्षं तीच गोष्ट सांगितली जाईल. त्या दिवशी ग्रामसभा असतेच, तिच्यात उभं राहून फक्त माहिती द्या: कुठं पोचलंय, कुठलं राहिलंय, कधी होईल. सरपंचांना फीत दसऱ्याला द्या. दसऱ्याला मुहूर्तही बघावा लागत नाही, त्यांना नाही म्हणता येणार नाही.

पैशाचा आकडा कर धरून सांगा. जाहिरातीत ४०० लिहायचं आणि बिल ४७२ चं द्यायचं, हे शहरात चालतं. गावात वरचे ७२ रुपये तुम्ही दोघांनी खाल्ले असंच धरतात.

वेगाचा आकडा शक्यतो लिहूच नका. चिऱ्याची भिंत वायफाय खाते, त्यातही जास्त वेगाचं ५ गिगाहर्ट्झवालं जास्त. राउटर ओटीवर लावला तर ओटीवर शंभर दिसेल आणि माजघरात दहाही दिसणार नाही, मग तो माणूस तुमचं पोस्टर घेऊन दुकानात येईल. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर लावा, केबल जास्त लागली तरी चालेल. मोठ्या घराला दुसरा राउटर लागेल हे आधीच सांगा.

वीज गेली की राउटर बंद, म्हणजे तुमचं ते कॉलिंगही बंद. कोकणात पावसाळ्यात वीज किती असते ते मी सांगायला नको. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा मिळतो, तो कनेक्शनबरोबर दाखवाच. आणि दुकानातल्या ओएलटीला भरपूर बॅटरी ठेवा, नाहीतर घरोघरी यूपीएस चालू आणि मूळच बंद.

आजींना सांगा, फायबर काचेचं असतं, त्यातून वीज वाहत नाही. पण एक तुमच्या मिस्टरांसाठी: काही ड्रॉप केबलच्या कडेला ताणाची पोलादी तार असते. ती घरात न्यायची नाही. भिंतीबाहेर हुकाला बांधून तिथंच सोडवायची, आत नुसतं फायबर. आजींची शंका वाटते तितकी वेडी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं स्टिकर. प्रत्येक राउटरखाली हाताएवढा कागद चिकटवा. सगळे दिवे बंद असले तर प्लग बघा. लाल दिवा लागला तर आम्हाला फोन करा, हा नंबर. फ्लेक्स महिन्यात फाटतो आणि त्याचं कोणीतरी गोठ्याचं छप्पर करतं. स्टिकर वर्षानुवर्षं राहतं आणि शेजारीण आली की तीही वाचते.

---

दिवा_ते_राजापूर

वरच्या दादांशी सहमत, पण कोकणातली एक गोष्ट त्यांना बाहेरून दिसणार नाही. तुमच्या गावात पैसे देणारा माणूस गावात राहतच नाही. तो आमच्यासारखा दिव्याला, नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला आहे. गावी आई-बाबा आहेत, ते "कशाला खर्च" म्हणणार. निर्णय मुंबईत होतो.

म्हणून तुमच्या गावच्या मुंबई मंडळाची सभा कधी आहे ते बघा. गणपतीच्या आधी होतेच, गाडीची तिकिटं आणि वर्गणी हे दोन विषय असतात. तिथे मिस्टरांना पाठवा किंवा मंडळाच्या सेक्रेटरींकडून पाच मिनिटं मागून व्हिडिओ कॉल लावा. गावातल्या गिरणीतून, तुमच्या त्या चालू कनेक्शनवरून. समोरच्या हॉलमधली माणसं गिरणीत दिसणाऱ्या काकांना हाका मारायला लागली की तुमचं काम झालं.

मला विचाराल तर मी कशासाठी घेईन? एक, आईला रात्री बरं नसलं तर फोन लागावा. दोन, रजा. आमच्यासारख्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना गावातून काम करता आलं तर पाच दिवसांचे गणपती करून परत पळावं लागणार नाही. बाकीचं जाऊ दे.

पण एक प्रश्न सोडवा. अर्ध्या घरांना वर्षातले आठ-दहा महिने कुलूप असतं. त्यांनी बारा महिन्यांचे पैसे का भरावेत? यावर उत्तर नसेल तर मंडळात पहिला हात याच प्रश्नाला वर होईल.

---

कातळावरची_सून

बापरे, एवढं सगळं!

वायफाय कॉलिंगचं आज लगेच करून बघितलं. दुकानात राउटर होताच. जावेच्या फोनवर झालं, माझ्यावर झालं, सासऱ्यांच्या फोनवर नाही. सासरे म्हणाले, "मग मला नवीन फोन घ्या." याला काय म्हणावं!

कुलपाच्या घरांचं कंपनीशी बोलले. कनेक्शन काही महिने थांबवून ठेवता येतं, पण त्यासाठी दर वेळी अर्ज करावा लागतो. तो अर्ज मी दुकानातून करून देईन असं मंडळात सांगता येईल. वायर आणि राउटर बसवण्याचे पैसे मात्र एकदाच आधी.

गिरणीवाल्यांना विचारलं, ते तयार आहेत. अट एकच, राउटरला पीठ लागू द्यायचं नाही.

---

मोर्शीकर

विदर्भातून एक इशारा. मेळघाटातलं हरिसाल आठवतं का? धारणी तालुका. २०१६ मध्ये राज्य सरकारनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून त्याचा केवढा गाजावाजा केला. जाहिरातीत गावातलाच एक तरुण होता. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी सोलापूरच्या सभेत आधी ती जाहिरात पडद्यावर लावली आणि मग त्याच तरुणाला मंचावर उभं केलं. पुढे बरेच दिवस हरिसाल म्हटलं की लोकांना तो मंचच आठवायचा. गावात खरंच जे काही झालं असेल नसेल, ते कोणी विचारेना.

राजकारण कोणाचं ते सोडा. मुद्दा तुमच्या फ्लेक्सचा आहे. "डिजिटल गाव", "स्मार्ट गाव" असलं काही लिहू नका, आणि कुठल्याही शेतकऱ्याचा किंवा मुलीचा फोटो "लाभार्थी" म्हणून लावू नका. लाइन बंद पडली की लोक त्या मुलीलाच विचारतील.

---

झेडपीच्या_बाई

मी सिंधुदुर्गात प्राथमिक शाळेत शिकवते. पोरांच्या मोबाइलवरून बायका जे म्हणतात ते हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. २०२० मध्ये कणकवली तालुक्यातली एक मुलगी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत होती, ती बातमी सगळ्यांनी पाहिली आणि कौतुक केलं. पण माझ्या वर्गातले पालक विचारतात ते असं: "बाई, रेंज नव्हती म्हणून तरी तो संध्याकाळी बाहेर खेळायचा."

यावर भाषण देऊ नका. राउटर रात्री ठरावीक वेळी आपोआप बंद होईल असं बऱ्याच राउटरमध्ये लावता येतं, एखाद्याच फोनला बंदी घालता येते. बचत गटाच्या बैठकीला जा आणि ते बटण कुठे आहे हे आयांना दाखवा. पासवर्ड आईच्या हातात द्या, मुलाच्या नाही. आमच्या इथे एका कनेक्शनवाल्यानं पासवर्ड सहावीतल्या मुलाला लिहून दिला, कारण "त्यालाच कळतं". झालं, त्या घरात आता मुलगा मालक.

दुसरं, जाहिरातीत ई-पीक पाहणी घालाल असं वाटतं, सगळे घालतात. नका घालू. त्यातला पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढायचा असतो आणि तुमचं वायफाय शेतात पोचणार नाही. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे घरून होतील हे खरं. मात्र तेही लिहिलंत तर तुमच्या दुकानाचा धंदा कमी होईल, तेव्हा विचार करून लिहा.

आणि एमबीपीएसचं कोणी विचारलं तर आठनं भागायला सांगा. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. ८०० एमबीचा सिनेमा साधारण पावणेतीन मिनिटांत. पाचवीचं गणित आहे, पण कंपनीच्या पोस्टरवर कधी नसतं.

---

लँकेस्टरची_सांगलीकर

मी इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशरमध्ये राहते. इथे मोठ्या कंपन्या डोंगरातल्या गावांना फायबर देईनात, म्हणून २०११ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, बीफोरआरएन म्हणून. लोकांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी शेतातून चर न्यायला फुकट जागा दिली, चर खणायला गावातलेच लोक आले. सहकारी साखर कारखान्याच्या भागात वाढलेल्या मला यात नवल वाटायचं काही नव्हतं, इथल्या वर्तमानपत्रांना मात्र फार वाटलं. सुरुवातीला महिन्याला ३० पौंडांत घरोघरी १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) द्यायचे, जायला यायला सारखाच वेग.

प्रसिद्धीबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ते लोक गावाला "तुमच्याकडे येतंय" असं सांगतच नसत. ते सांगायचे, तुमच्या गावाचे एवढे पैसे आणि एवढे हात उभे राहिले की तुमच्याकडे काम सुरू होईल. म्हणजे जाहिरात करायचं काम त्या गावातल्याच माणसांवर येऊन पडायचं. शेजारी घेत नसेल तर आपलंही अडतंय, म्हटल्यावर माणूस शेजाऱ्याच्या दारात जातोच.

तुमच्या दोन वाड्या अजून बाकी आहेत ना? वरची वाडी आणि कातळवाडी. तिथे हे करून बघा. "इतकी नावं आली की डबा बसेल" असं सांगून वही त्या वाडीतल्याच कोणाकडे तरी ठेवा. फक्त आकडा खरा ठेवा, तुमचा खर्च जिथे भागतो तेवढाच. आणि तेवढी नावं आली की दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं पाहिजे.

---

केबलवाला_तासगाव

विलायतच्या ताईंचं बरोबर आहे, पण भारतात एक फरक पडतो. नावं लिहून देताना लोक भिडेखातर देतात. नावाबरोबर थोडे पैसे घ्या, शंभर का होईना, आणि पावती द्या. पैसे न घेता लिहिलेलं नाव म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरचं "अवश्य येण्याचे करावे".

---

कातळावरची_सून

सरपंचांकडे जाऊन आले. दसऱ्याचं ऐकून आधी गप्प बसले, मग म्हणाले आमदारांची तारीखही दसऱ्याला मिळणं सोपं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मला दहा मिनिटं बोलायला दिलीत. फ्लेक्स दहा बाय वीसवरून चार बाय सहावर आलाय, आणि तो पंचायत लावणार, मी नाही. चौदा फोटोंचं काय करायचं ते आता त्यांचं ते बघतील.

वरच्या वाडीची वही आशाताईंनी ठेवून घेतली. कातळवाडीत कोणाकडे ठेवायची यावरूनच दोन गट पडलेत, तिथलं गणपतीनंतर बघू. कलमवाल्यांच्या बागेला वळसा घालून दोन खांब जास्त घेतोय. परवडत नाही, पण ते त्या वाडीतले मोठे बागायतदार आहेत आणि रोज संध्याकाळी पारावर बसतात. त्यांनी पारावर चांगलं बोललेलं मला दोन खांबांपेक्षा स्वस्त पडेल.

व्हॉट्सॲपवर आणि देवळाच्या फळ्यावर टाकायला मजकूर केलाय. बघा आणि सांगा:

"घरातून फोन लागत नाही? रेंज नसली तरी आता वायफायवरून लागेल, तुमच्याच नंबरवरून. आधी बघा, मग घ्या. आपला फोन घेऊन शाळेत, अंगणवाडीत किंवा गिरणीत या. तुमच्या फोनवर होतं की नाही ते तिथेच कळेल. अनलिमिटेड इंटरनेट. महिन्याचे पैसे करासकट, फळ्यावर लिहिले आहेत. घर बंद असेल त्या महिन्यांत कनेक्शन थांबवून मिळेल, अर्ज आम्ही करू. वीज गेली की वायफाय जातं, त्यासाठी बॅटरीचा डबा वेगळा मिळेल. चोवीस तास सेवा. एसटी थांब्याजवळचं झेरॉक्सचं दुकान."

---

केबलवाला_तासगाव

छान झालंय. दोन ठिकाणी कात्री लावा.

"अनलिमिटेड" काढा. बहुतेक प्लॅनना डेटाची मर्यादा असते, तिच्यापुढे वेग उतरतो. तुमच्या प्लॅनची मर्यादा किती जीबी ते बघून तो आकडा फळ्यावर पैशाशेजारी लिहा. एखाद्याच घराला लागेल, पण त्या घरात शिकलेला मुलगा असणार आणि तो वाचणार.

"चोवीस तास सेवा" तर काढाच. तुम्ही दोघंच आहात. "सकाळी आठ ते रात्री आठ फोन उचलू. पावसात आणि अंधारात खांबावर चढणार नाही, सकाळी येऊ" असं लिहा. जुलैत रात्री अकराला कोणाची तरी मालिका अडकली म्हणून मिस्टर ओल्या खांबावर चढले, असं व्हायला नको. ते वाक्य मोठ्या अक्षरात लिहा, आणि मिस्टरांनाही वाचून दाखवा.